पंचाच्या खिशातली पुरी

करावे गावच्या देवजी तांडेलांना बेलापूरपासून पनवेलपर्यंत कबड्डीवाले सगळे ओळखतात. नोकरी पावण्याच्या एमआयडीसीत, एका छोट्या कारखान्याचं स्टोअर सांभाळायची. पण स्पर्धांचे दिवस आले की रविवारी पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि देवजी घराबाहेर.

पंच म्हणून त्यांचा एक नियम होता. स्पर्धेच्या ठिकाणी कुणाचं काही खायचं नाही. आयोजकांचा वडापाव नाही, चहासुद्धा नाही. "ज्याचा वडा खाल्ला त्याच्या बाजूनं शिट्टी वाजली, असं बोलायला लोकांना वेळ लागत नाय," ते म्हणायचे. घरून पाण्याची बाटली न्यायची आणि परत आल्यावर जेवायचं.

तरुणपणी हे चालून गेलं. पण पन्नाशीनंतर मधुमेह निघाला आणि साखरेची गोळी सुरू झाली. बायको सखू रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची आणि म्हणायची, "गोळी पोटात गेली, आता भाकरी पन जाऊ दे." देवजी घाईत अर्धी भाकरी खाऊन निघायचे.

गेल्या हिवाळ्यात करावे गावातच स्पर्धा होती. अंतिम सामना पावणे आणि करंजाडे या दोन संघांत. देवजी सकाळपासून उन्हात उभे होते, पोटात तीच अर्धी भाकरी. सामना रंगात आला आणि पावण्याच्या पोराने चढाईत एकाला शिवलं आणि सहीसलामत मध्यरेषेपार परत आला. देवजींनी त्यालाच बाद दिलं.

मैदानात गलका झाला. पुढच्या चढाईत शिट्टी तोंडात धरून ते नुसतेच उभे राहिले. कुणी विचारलं तर अंगावर धावून गेले. शर्ट घामाने चिकटला होता. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली, "पंच टाकून आलाय वाटतं."

पावणे संघाचा मॅनेजर कमळाकर भांडायला म्हणूनच मैदानात उतरला होता. त्याने देवजींचा हात धरला आणि भांडण विसरला. हात गार, ओला आणि थरथरत होता. कमळाकरच्या आईला मधुमेह होता, त्यामुळे हे त्याने घरात पाहिलेलं होतं.

"देवजीकाका, खाली बसा. शुगर उतरलीय तुमची."

त्याने गाडीवरून लिंबू सरबत आणलं, त्यात आणखी साखर ढवळली. देवजींनी मान फिरवली. "तुमच्या संघाचं पानी मी पिनार नाय."

"संघाचं कुठं, गाडीवाल्याचं हाय."

"पैसे कोनी दिले?"

एवढ्यात सखू बायकांच्या बाजूने तरातरा आली. तिने ग्लास हातात घेतला. "मी दिले. प्या." कमळाकरने हातातले सुट्टे पैसे खिशात टाकले. देवजी प्यायले.

पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्या डोळ्यांत ओळख आली. पहिला प्रश्न, "स्कोअर काय?" मग काय काय घडलं ते त्यांनी दुसऱ्या पंचाकडून ऐकून घेतलं, माईक मागितला आणि म्हणाले, "मघाच्या चढाईत मी पावण्याच्या पोराला बाद दिलं, ते चुकीचं हाय. तो गुण पावण्याचा. माझी तब्येत बरी नाय, उरलेला सामना दुसरे पंच चालवतील." करंजाडेवाले धुसफुसले, पण खेळले. शेवटी एका गुणाने हरले.

दुसऱ्या दिवशी सखूने त्यांना सीवूड्सच्या डॉक्टर सहर यांच्याकडे नेलं. डॉक्टर मूळच्या श्रीवर्धनच्या, वयाने लहान, बोलायला स्पष्ट. सगळं ऐकून त्यांनी गोळीचा डोस कमी केला.

"काका, या गोळीवर उपाशी राहायचं नाही. थरथर, घाम, चिडचिड सुरू झाली की आधी साखर. ग्लुकोजची पावडर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बोट टोचून मशीनवर साखर बघायची. कमीच असेल तर पुन्हा. साखर वर आली आणि जेवणाला वेळ असेल, तर मग डाळ, चणे, अंडं, मासळी असं काहीतरी, सोबत थोडं पिठाचं काही. साखर पटकन चढवते, पण टिकत नाही. हे टिकवतं."

"म्हंजे खिशात जेवन ठेवू?"

"ठेवा. स्वतःच्या घरचं खायला तर तुमचा नियम आड येत नाही ना?"



सखू कामाला लागली. आधी उकडलेली अंडी दिली. एका सराव सामन्यात देवजी रेषा बघायला वाकले आणि अंडं खिशातच फुटलं. मग शेंगदाण्याचे गुळातले लाडू केले. ते देवजींना इतके आवडले की मैदानावर पोचायच्या आधीच संपायचे. मग सखूने भाजलेले चणे आणि खमंग भाजलेला जवळा कागदाच्या पुडीत बांधून दिला. चव झकास होती, पण सुक्या मासळीच्या वासाने त्या रविवारी दोन मांजरी दिवसभर देवजींच्या मागे फिरल्या. वर एका खेळाडूला ताकीद द्यायला त्यांनी ऐटीत खिशात हात घातला आणि हिरव्या कार्डाऐवजी जवळ्याची पुडी उंच धरली. तो खेळाडू हसून हसून मैदानातच बसला.

शेवटी जमली ती पुरी. बेसन आणि मुगाचं पीठ, त्यात शेंगदाण्याचं कूट, तीळ, हिरवी मिरची, आणि अगदी चिमूटभर जवळा, वासापुरता. तव्यावर थोड्या तेलात कडक भाजलेली, बिस्किटाएवढी. झाकणाच्या छोट्या डबीत चार-पाच मावायच्या. उजव्या खिशात डबी, डाव्या खिशात ग्लुकोजच्या पुड्या, कार्डं वरच्या खिशात, आणि साखर मोजायचं मशीन पाण्याच्या बाटलीसोबत पिशवीत. ही मांडणी सखूने ठरवली.

पण हे सगळं गावातल्या सराव सामन्यांपुरतं. स्पर्धांची बोलावणी येईनात. "पंच टाकून आला होता" हे गावोगाव पोचलं होतं. देवजी स्पर्धांच्या रविवारी ओट्यावर बसून जाळं विणायचे, आणि सखूला ते बघवायचं नाही. एक दिवस फोन आला तो करंजाड्याहून.

"अहो, माझ्यामुळं तुमी हरलात," देवजी म्हणाले.

"म्हणूनच बोलावतोय," पलीकडून उत्तर आलं. "भर मैदानात स्वतःचा निर्णय स्वतःच्या तोंडानं फिरवणारा पंच आमी दुसरा बघितला नाय."

करंजाड्याच्या नव्या टॉवरांमधल्या मोकळ्या मैदानात सामने होते. देवजी पोटभर न्याहारी करून गेले. दुपारी सामने लांबले, जेवण मागे पडलं आणि चालू सामन्यात त्यांना बोटांत ती ओळखीची थरथर जाणवली. त्यांनी शिट्टी वाजवली आणि दोन्ही हातांनी टाईमआऊटची खूण केली.

"कोण जखमी झाला?" दोन्ही कर्णधार धावले.

"पंच," देवजी म्हणाले, आणि खुर्ची मागून बसले.

दुसऱ्या पंचांनी शिट्टी हातात घेऊन सामना पुढे चालवला. देवजींनी सगळ्यांदेखत ग्लुकोज पाण्यात टाकून घेतलं, बोटाला सुई टोचून मशीनवर आकडा बघितला, थांबले, पुन्हा बघितला. मग डबी उघडून दोन पुऱ्या सावकाश चावून खाल्ल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी वाजवल्या. देवजींना लाजल्यासारखं झालं, पण पुरी संपवूनच ते उठले. त्यानंतरचे तीनही सामने त्यांनी चालवले, आणि एकाही निर्णयावर कुणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी निघताना एक म्हातारी वाट अडवून उभी राहिली. चांगुणाबाई, नातवाचा सामना बघायला आलेली, मूळची लातूरकडची. तिने पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढली.

"भाऊ, दुपारी मला बी असंच कापरं भरतंय. मी म्हनलं वय झालं. तुमी खाल्लं ते काय होतं?"

देवजींनी पट्टीकडे बघितलं. "मावशी, आधी डॉक्टरला दाखवा. गोळीचं ते बघतील, मी नाय सांगू शकत." त्यांनी डॉक्टर सहर यांचा पत्ता नातवाच्या मोबाईलमध्ये घातला. मग उजव्या खिशातली डबी काढली आणि उरलेल्या तीन पुऱ्या तिच्या हातावर ठेवल्या.

चांगुणाबाईने एक तिथेच तोडून खाल्ली. "मिरची जरा कमी हाय," ती म्हणाली.

देवजींनी घरी जाऊन सखूला ते जसंच्या तसं सांगितलं. सखू दोन दिवस फुगून बसली, आणि तिसऱ्या दिवशी तिने पिठात मिरची वाढवली.