सुपरनेटंट म्हणजे वरचं पाणी

जळगावच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये चिकटल्यापासून माझा धाकटा भाऊ स्वतःला शास्त्रज्ञच समजतो. कुरडयांच्या दिवशी त्याने आमच्यापुढे ज्ञान पाजळलं, "गाळ खाली बसल्यावर वर राहतं ते सुपरनेटंट. शब्द लॅटिन. पूर्वी पाण्यावर तरंगणाऱ्या कशालाही म्हणायचे."

पातेल्यात गव्हाचा चीक बसला होता. वरचं आंबूस पाणी तेवढं ओतून द्यायचं होतं. साहेब म्हणाले, मी करतो. लॅबमध्ये वरचं ठेवून खालचं फेकतात ना! त्याने पाणी जपून बादलीत काढलं, अख्खा चीक मोरीत ओतला आणि वर विचारतो, "अजून काही?"

आई म्हणाली, "आता घाल तुझ्या सुपरनेटंटच्या कुरडया!"