बाईंची आमरी

आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी माझा कॉलेजचा अर्ज स्वतःच्या अक्षरात भरला, आणि वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'बागाईत' असं लिहिलं. माझे वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत रखवालीला होते. मी संकोचून तसं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या बागेतली झाडं कोण जगवतं? मालक, की तुझे वडील? मग झालं तर."

आज माझ्याजवळ जे आहे, पदवी, नोकरी, नागपूरला सक्करदऱ्याकडचं दोन खोल्यांचं घर, शिकणारी मुलं, ते सगळं त्या एका अर्जापासून सुरू झालं. आमच्या घरात तोवर कुणी पाचवीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेज सुरू व्हायच्या आधी बाई स्वतः पॅसेंजरने मला काटोलकडून नागपूरला घेऊन आल्या. महाल भागातल्या एका गल्लीत माडीवरची खोली त्यांनीच बघून दिली. परत जाताना त्यांनी पिशवीतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक झाड काढलं. जाड, पट्ट्यांसारखी पानं, आणि खाली लोंबणारी दोरीएवढी पांढुरकी मुळं. मातीचा कण नाही.

"ही आमरी," बाई म्हणाल्या. "इंग्रजीत ऑर्किड. लोक सीतेची वेणी म्हणतात. माझा भाऊ चंद्रपूरच्या जंगलात नोकरीला होता, त्याने पडलेल्या झाडावरून आणून दिली होती. शाळेच्या आंब्यावर बांधून मी वाढवली, त्यातलाच हा फुटवा. पण ही फुलते मे संपता संपता, आणि तेव्हा शाळा बंद. इतक्या वर्षांत एका पोरालाही मला हिचं फूल दाखवता आलं नाही. तू शहरात राहणार. कुणाला तरी दाखव."

एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं. त्याआधी काही मागितलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, तरी पहिली चूक माझीच झाली. रखवालदाराच्या मुलाला झाड म्हटलं की काळी माती आणि शेणखतच आठवतं. मी एक मोठी कुंडी आणली, तिच्यात मुळं नीट गाडली आणि दोन्ही वेळ पाणी घातलं. तिसऱ्या आठवड्यात मुळं कुजून वास येऊ लागला. घाबरून बाईंना पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं: "तिला जेवू घालू नकोस. कोळसा, विटांचे तुकडे आणि हवा, एवढंच दे." मी गाडलेलं झाड उपसलं, धुतलं, कोळशावर बसवलं. ते वाचलं.

पुढे पदवी मिळाली, सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात नोकरी लागली, लग्न झालं. सक्करदऱ्याच्या घरामागे एक कडुलिंब होता, त्याच्या फांदीला मी ती कुंडी टांगली. नागपूरच्या उन्हाळ्यात आमरी वाढवणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. होळी झाली की गरम वारा सुटायचा. मग मी लोकांच्या कूलरमधून काढून टाकलेल्या खसाच्या जुन्या ताट्या मागून आणायचो आणि बांबूला बांधून झाडाभोवती आडोसा करायचो. सकाळी, दुपारी ऑफिसातून सायकलने घरी येऊन, आणि संध्याकाळी अशा तीन वेळा त्या ताट्या ओल्या करायच्या. दुपारची जेवणाची सुट्टी त्यातच जायची. डबा मी परत जाऊन टेबलावर, फायली बाजूला सारून खायचो. पाणी मात्र माझी बायको विहिरीवरून आणायची, कारण नळ लवकर जायचा.

"माह्या सवतीचे लय लाड करून राहिले हो तुम्ही," ती बादली ठेवत म्हणायची. "मले कधी ओल्या ताटीत बसवलं का?"

"तू फुलतेस का वर्षातून एकदा?"

"मी रोज फुलते, तुमाले दिसत नाही."

मे अखेरीस वेणी यायची. हातभर लांब, खाली झुकलेली, पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेल्या फुलांनी गच्च. दोन आठवडे राहायची. आम्ही दोघं, शेजारची दोन घरं आणि दूधवाला, एवढ्यांनीच ती पाहिली. एवढ्या उन्हात कोण कुणाकडे फूल बघायला येणार? मी दरवर्षी बाईंना लिहायचो की वेणी आली. कुणाला दाखवली, असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यामुळे ते मला जास्त लागायचं.

नागपुरात फुलांचं प्रदर्शन भरायचं ते जानेवारीत, गुलाब आणि शेवंतीच्या दिवसांत. सत्तर सालानंतर केव्हातरी तिथे आमरीसाठी वेगळं टेबल लागू लागलं आणि पहिल्या नंबराला एक चषक ठेवला गेला. तिथेच माझी एका निवृत्त रेल्वे गार्डशी ओळख झाली. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्या अंगणात कलकत्त्याहून आणलेली वीस-पंचवीस झाडं होती. कोळसा किती भाजलेला असावा, तांब्याच्या तारेने झाड कसं बांधावं, हे सगळं त्यांनी मला शिकवलं.

प्रदर्शनात हजारभर माणसं टेबलापुढून जाताना पाहिली आणि मला एकच वाटलं, बाईंची वेणी इथे असायला हवी.

ती जानेवारीत फुलत नाही, हे मला कळत होतं. पण मी संत्र्याच्या बागेत वाढलो होतो. आमच्याकडे संत्र्याला ताण देतात. हवा त्या बहराआधी झाडाचं पाणी महिना-दीड महिना तोडायचं. झाड सुकतं, पानं टाकतं, आणि मग एकदम पाणी सोडलं की जिवाच्या भीतीने फुलतं. वडिलांनी माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी झाडांना ताण दिला होता. मला वाटलं, झाड ते झाड.

दिवाळीनंतर मी आमरीचं पाणी बंद केलं. पानांना सुरकुत्या पडल्या. डिसेंबरात पाणी सोडलं. फूल आलं नाही, आणि पुढच्या मेमध्ये वेणीही आखूड आली. मी पुढच्या वर्षी पुन्हा ताण दिला, जास्त दिवस.

काका एकदा घरी आले होते. कुंडी बघून खाली बसले. "काहून छळून राहिला बे तिले? हे का संत्र्याचं झाड आहे?"

"जानेवारीत फुलवायची आहे, काका."

"ते जेठातलं झाड आहे. तू पुसात जेठ आणतं का? बीएस्सी कशात केलं बे तू?"

मी ऐकलं नाही. डिसेंबरात पाणी सोडलं, तेही भरपूर. थंडी कडक होती, पाणी शेंड्यात साचून राहिलं आणि शेंडा कुजला. मधलं कोवळं पान धरून ओढलं तर हातात आलं. त्या मेमध्ये वेणी आलीच नाही. बाईंना मी लिहिलं की यंदा ऊन जास्त होतं.

त्यानंतरच्या दिवाळीत बाईंचं पत्र आलं, की एप्रिलमध्ये त्या निवृत्त होणार. शाळेचं शेवटचं वर्ष. बायको म्हणाली, "जाऊन भेटून या." पण रिकाम्या हाताने जावंसं वाटेना.

मी काकांकडे गेलो. त्यांनी कलकत्त्याच्या ओळखीच्या माणसाला लिहून जांभळ्या मोठ्या फुलाचं एक झाड मागवून दिलं. ते नववर्षाच्या आठवड्यात रेल्वे पार्सलने, कळ्या धरलेल्या अवस्थेत आलं. प्रदर्शनाचा नियम होता की झाड किमान सहा महिने स्वतः वाढवलेलं असावं. नियम सगळ्यांना माहीत होता, आणि तो कसा चुकवायचा हेही. कुंडी बदलायची, आणि ताकात शेण कालवून ते नव्या कुंडीला फासायचं आणि ती सावलीत ठेवायची, म्हणजे आठ-दहा दिवसांत ती जुनी दिसते. परीक्षक झाडाला बोटाने हलवून बघतात, कारण नुकतं लावलेलं झाड डुगडुगतं. म्हणून आतून तारेने आवळून बांधायचं.

"सगळेच करतात," काका म्हणाले. "मी का वेगळं करतो?"

परीक्षकांनी झाड हलवून पाहिलं. हललं नाही. फॉर्मवर 'स्वतः वाढवलेले' असं छापलेलं होतं, त्याखाली मी सही केली. सही करताना मला बाईंचा रकाना आठवला नाही. तो नंतर आठवला.

पहिला नंबर आला. लोक फुलासमोर उभं राहून बोलत होते, एक बाई नातीला उचलून दाखवत होती. मी टेबलाच्या मागे उभा होतो आणि मला फक्त थकवा वाटत होता. संध्याकाळी घरी येऊन मी बाईंना पत्र लिहिलं: तुमच्या वेणीला पहिलं बक्षीस मिळालं, हजार माणसांनी पाहिली. हे का लिहिलं, याचं उत्तर माझ्याजवळ आहे. त्यांना तेवढं एकच हवं होतं, आणि ते द्यायला मला आता वेळ उरला नव्हता. पण उत्तर असलं म्हणजे ते बरोबर असतं असं नाही.

आठवड्याने कार्ड आलं.

"अनेक आशीर्वाद. पत्र दहावीच्या वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आंब्याखाली नेऊन सांगितलं की हिचीच लेक नागपुरात जिंकली. एक शंका. ती जानेवारीत फुलली कशी? तिला ताण तर दिला नाहीस ना? अवेळी फुललेलं झाड दमतं. आता तिच्याकडून काही मागू नकोस. पाणी कमी घाल, सावलीत ठेव."

मी ते कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवून मागच्या अंगणात गेलो. कलकत्त्याचं झाड पुढच्या पडवीत होतं, कारण लोक बघायला यायचे. बाईंची कुंडी कडुलिंबाला टांगलेली होती आणि गेल्या दीड महिन्यात मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. कोळशावर कडुलिंबाची पिवळी पानं पडली होती. आमरीला दोनच पानं उरली होती.

बायको मागून आली. तिने कार्ड मागितलं, वाचलं, परत दिलं. ती सातवी शिकलेली.

"पोराईले सांगून बसल्या त्या," ती म्हणाली.

"हो."

"मग? आता काय दुसरं खोटं लिहिता?"

तिने कुंडीतली पानं वेचून काढली आणि ओंजळभर पाणी मुळांवर शिंपडलं. शेंड्यावर पडू दिलं नाही. इतकी वर्षं पाणी वाहून तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चषक घेऊन प्रदर्शनाच्या चिटणिसांकडे गेलो. मग तीन वेळा पत्र लिहायला बसलो आणि तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिलं ते टाकलं. त्याची नक्कल मी तेव्हा वहीत करून ठेवली होती. ती अशी:

नागपूर

आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण खाली आहे.

जानेवारीत जिंकलं ते झाड तुमचं नव्हतं. ते कलकत्त्याहून कळ्यांसकट आलं होतं आणि माझ्याकडे तीन आठवडेसुद्धा नव्हतं. मी ते स्वतः वाढवल्याचं लिहून सही केली. तुम्हाला लिहिलं तेही खोटं होतं.

तुमची शंका बरोबर होती. मी तिला ताण दिला, दोन वर्षं. संत्र्याला देतात तसा. प्रदर्शनात तुमचं फूल दिसावं एवढीच इच्छा होती. मागच्या वर्षी ऊन जास्त होतं असं मी लिहिलं, तेही खरं नव्हतं. शेंडा माझ्या हाताने कुजला.

चषक परत करायला गेलो. चिटणीस म्हणाले, 'असे सगळे परत करायला लागले तर आम्ही टेबलं कशाला मांडू?' त्यांनी घेतला नाही. मी तो त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो.

तुम्ही वर्गात पत्र वाचून दाखवलंत. एप्रिलपर्यंत तुम्ही शाळेत आहात, म्हणून हे आता लिहितो, नंतर नाही. मुलांना खरं सांगा. माझं नाव घेऊन सांगा. मी कुठल्या बाकावर बसायचो, तेही सांगितलंत तरी चालेल. तुमच्या शेवटच्या वर्षात हे काम तुमच्यावर टाकतो आहे, याची मला लाज वाटते.

झाडाची हकीकत. शेंडा गेला आहे. दोन पानं आहेत, एकाला सुरकुत्या आहेत. बुंध्याशी एका मुळाचं टोक हिरवं आहे, कालही होतं. पाणी कमी घालतो आहोत. आता ते काम घरातून होतं, मी करत नाही. यंदा वेणी येणार नाही. पुढच्या वर्षीचंही काही सांगता येत नाही.

आपला विद्यार्थी