मोहरांवरचं कुंकू

माझ्या चार मोहरांबद्दल आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाचीही झाली नव्हती. लग्न दोन बैठकांत ठरलं. मोहरांना वर्ष लागलं.

त्या मोहरा माझ्या होत्या, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ते सगळेच विसरले. मीसुद्धा. लग्नात आईनं माझ्या ओटीत घातलेल्या, आणि तिला तिच्या आईनं दिलेल्या. जुन्या आठ आण्याएवढ्या, सोन्याच्या, फारसी अक्षरांच्या. अक्षरं आहेत असं आई म्हणायची म्हणून माहीत. दिसत काही नव्हती. दर लक्ष्मीपूजनाला मोहरेला मेणाचं बोट लावायचं, मेणावर कुंकू दाबायचं आणि ते कधी पुसायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. लक्ष्मीचं कुंकू कोण पुसणार? असे थरावर थर बसत गेले. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा त्या लाल मातीच्या वड्यांसारख्या दिसत, आणि सोनं फक्त कडेनं चमकायचं.

मी तेव्हा अनसिंगच्या शाळेत शिकवत होते. बी.ए. होते, बी.एड. नव्हते, म्हणजे अनट्रेन्ड. अनट्रेन्ड बाईला जूनमध्ये घ्यायचं, एप्रिलमध्ये घरी पाठवायचं, आणि पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा हेडमास्तरांच्या टेबलासमोर पदर सावरत उभी. तीन जून मी अशी उभी राहिले होते. चौथ्यांदा उभं राहायची माझी तयारी नव्हती. अकोल्याला जाऊन वर्षभरात बी.एड. करायचं आणि ताठ मानेनं कायमची नोकरी मागायची, एवढंच डोक्यात होतं. फीचं आणि राहण्याचं काय, असं मी नवऱ्याला विचारलं. हे वाशीमला तहसील कचेरीत कारकून होते, रोज अनसिंगहून जाऊन-येऊन. शांतपणे म्हणाले, "तुह्या मोहरा हायेत ना. ईक. मी नाई म्हणत नाई."

माझ्याच वस्तू विकायची परवानगी त्यांनी मोठ्या मनानं दिली, आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

त्याच आठवड्यात वाशीमच्या सराफाकडं गेले असते तर ही गोष्टच घडली नसती. पण मी आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांना मोहरा दाखवल्या. ते म्हणाले, सराफाला देऊ नका, तो आटवून टाकील. नागपूरला माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, जुनी नाणी जमवतात, त्यांना दाखवा. हे मोहरा घेऊन नागपूरला गेले आणि प्राध्यापकांचं म्हणणं कागदावर लिहून घेऊन आले. नाण्यांना हात लावू नका. धुऊ नका, घासू नका, फडक्यानंही पुसू नका. आहेत तशा दिल्यात तर सोन्याच्या भावापेक्षा थोडं जास्त देतो, कारण साल आणि टांकसाळ वाचता येत नाही. नाहीतर नागपुरातच एक जाणकार आहेत, वस्तुसंग्रहालयांची नाणी साफ करतात. त्यांच्याकडून मेण-कुंकू काढून घ्या. काही महिने लागतील, त्यांची मजुरी वेगळी. साल चांगलं निघालं तर दुप्पट देईन. आत काही खोट निघाली तर कमी.

प्रश्न साधा होता. बी.एड.च्या प्रवेशाला तीन आठवडे होते. आहेत तशा देऊन टाका आणि मला अकोल्याच्या गाडीत बसवा, असं मी म्हटलं. पण 'दुप्पट' हा शब्द घरात शिरला होता, आणि तो आता काही केल्या उंबरा ओलांडेना.

ह्यांनी कचेरीतला एक पाठकोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'साफ करावे', दुसऱ्या बाजूला 'करू नये'. मग अभिप्राय मागवायला सुरुवात झाली. शेलूबाजारला सरकीचा व्यापार करणारे चुलत सासरे म्हणाले, "सोनं ते सोनं. त्याले औषध कायले पाह्यजे?" पोहरादेवीची यात्रा करून आमच्याकडं उतरलेल्या पाहुण्यानं दोन्ही बाजूंनी मत दिलं आणि दोनदा चहा घेतला. कोणी म्हणालं, आतून पितळ निघालं तर काय कराल? कोणी म्हणालं, सोन्याचा कायदा कडक हाये, जास्त गाजावाजा नोका करू. हे सगळं ह्यांनी गाजावाजा करूनच लिहून घेतलं. मला मात्र कोणी विचारलं नाही, कारण माझं मत सगळ्यांना माहीत होतं, आणि ते घाईचं होतं.

प्रवेशाची तारीख गेली त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "चाला, आता घाई नाई. आता नीट इचार करता येते."

मला संताप आला आणि रडूही आलं. दोन्ही मी ज्वारीच्या पिठावर काढलं. दुसऱ्या दिवशी पदर सावरून हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभी राहिले, चौथ्यांदा. त्यांनी घेतलं, पण "अजून झालं नाही का बी.एड.?" हे विचारल्याशिवाय नाही.

दिवाळीनंतर एकदाचं ठरलं आणि मोहरा साफ करायला नागपूरला गेल्या. खोटं कशाला बोलू, तोवर मलाही दुप्पटीची गोडी लागली होती. दुप्पट आले तर अकोल्याला स्वतंत्र खोली घेईन, वर एक शिवणयंत्र येईल, असे मनातल्या मनात मांडे खात होते. सासूबाई मात्र दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लक्ष्मीचं कुकू पुसाले माणूस ठेवला, अन् वरून त्याले पैसे देऊन राह्यले. असं मी कुठी आयकलं नव्हतं."

चैत्रात ते काम झालं. प्राध्यापक तेव्हा मुलाकडं परगावी होते, म्हणून हे मोहरा घरी घेऊन आले. वैशाखात प्राध्यापक परतले की नेऊन द्यायच्या होत्या. प्रत्येक मोहर वेगळ्या कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर पुन्हा तीच सूचना, बोट लावू नये. मी पुडी उघडली आणि पाहतच राहिले. पानाफुलांसारखी वळणदार अक्षरं, कडेला बारीक ठिपके. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी डोळे भरून आले. एका मोहरेवर जुन्या झाळकामाची, डाग दिल्याची खूण निघाली. कोणीतरी कडी लावून ती गळ्यात घातली असणार. कोणी घातली असेल, ते आता आईलाही सांगता आलं नसतं. बाकी तीन स्वच्छ होत्या, सालासकट. जाणकारानं सालं कळवली होती, त्यावरून प्राध्यापकांचं पत्र आलं की तिन्हींचे दुप्पट नक्की, या.

हे नागपूरला निघणार त्याच्या आदल्या दिवशी मी शाळेत निकालपत्रकं भरत होते. दुपारी घरी आले तर सासूबाई देवघरासमोर बसलेल्या. पाटावर तांदळाची रास, खोबऱ्याची वाटी, आणि राशीवर माझ्या चार मोहरा. चारही लालभडक. मेण चांगलं पातळ करून, सगळीकडं सारखं लावून, वर कुंकू दाबलेलं. प्रवासात निघू नये म्हणून अंगठ्यानं दोनदा दाबलं, असं त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं.

"आत्याबाई, हे काय केलं तुमी?"

"काय केलं म्हंजे? लक्ष्मी घर सोडून चालली. पोरीले सासरी धाडतानी कपाळ कोरं ठेवते काय कोणी?"

मी पाटाशेजारी बसले. त्यांनी मोहरांना दिला तेवढा मान त्या वर्षात घरातल्या कोणी मलाही दिला नव्हता.

संध्याकाळी हे आले. पाहिलं, आणि मोहरा उचलून मोरीवर गेले. मी मागोमाग गेले. "गरम पाण्यात ठेवा नुसत्या, मेण आपसूक सुटते," मी म्हटलं.

"तुले काय समजते त्यातलं?" असं म्हणून ह्यांनी दाताचा जुना ब्रश घेतला, त्यावर काळं दंतमंजन घातलं आणि घासायला बसले. कोळशाच्या भरड मंजनानं, मऊ सोनं, अर्धा तास. मग माझ्यापुढं तळहात धरून म्हणाले, "पाह्य. नव्यावानी झाल्या."

नागपूरला प्राध्यापकांनी भिंग लावलं, एकेक मोहर पाहिली, खाली ठेवली आणि विचारलं, कोणी घासल्या? हे म्हणाले, फक्त धुतल्या. प्राध्यापकांनी पुड्या बांधून परत दिल्या. आता यांना सोन्याचाच भाव, म्हणाले, आणि तो सराफही देईल.

पुढचे पंधरा दिवस चूक कोणाची यावर गेले. हे आईवर चिडले. सासूबाई म्हणाल्या, कुकू पुसलं तवाच लक्ष्मी रुसली. शेवटी दोघांचं एकमत झालं की मी पेटीला कुलूप लावायला हवं होतं. जून आला. प्रवेशाला दोन दिवस उरले होते आणि मी फॉर्म भरून ठेवला होता. रविवारी सकाळी चहा घेऊन गेले तर हे पाठकोऱ्या कागदावर रेघ मारत होते. नागपूरच्या त्या जाणकाराकडून ओरखडे काढून घ्यावे की नाही, याचे अभिप्राय मागवायचे होते. "या खेपेले घाई नाई करायची," म्हणाले.

मी चहा ठेवला. सोमवारी हेडमास्तरांना भेटायला म्हणून निघाले ती वाशीमच्या एस.टी.त बसले. पिशवीत फॉर्म, सर्टिफिकेटं, एक लुगडं आणि मोहरा.

सराफानं मोहरा कसोटीच्या दगडावर घासून पाहिल्या. आता घासायला कोणाची ना नव्हती. सोनं चोख निघालं. मग त्यानं माझ्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं, माझ्यासोबत कोणी नाही हेही पाहिलं, आणि मोहरा गादीवर माझ्याकडं थोड्या सरकवल्या. त्याचंही बरोबर होतं. एकटी बाई जुनं सोनं घेऊन आली की कोणीही दचकतं.

"बाई," तो म्हणाला, "घरच्यांले इचारलं काय?"

"इचारलं," मी म्हटलं. "वरीसभर दुसरं कायी केलंच नाई."

त्यानं तराजू पुढं ओढला. अकोल्याच्या गाडीला अजून तास होता.