जर्मनी न मानणारा उस्ता

जर्मनी नावाचा देशच नाही असं ठणकावून सांगणारा माणूस अख्ख्या बहरीनमध्ये एकच, आणि माझं डोकं गेली अकरा वर्षं त्याच्याच ताब्यात आहे. बुसैतीनचा आमचा तुर्की न्हावी. सगळे त्याला उस्ता म्हणतात, म्हणजे आपला उस्ताद. दाढी झाली की हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतणार, पेटता बोळा कानाजवळून फिरवून कानातले केस जाळणार. आणि मध्येच गिऱ्हाइकाने आपल्या जर्मन गाडीची तारीफ केली, तर अर्धी दाढी तशीच ठेवून चहा प्यायला बसणार. सीफसारख्या श्रीमंत वस्तीतल्या एका साहेबाला त्याने असाच फेसासकट ताटकळत ठेवला होता. मी मध्ये पडलो तर म्हणाला, "जर्मनी मफी, भाई, नाहीच. नकाशात चूक आहे."

कारण कळलं तेव्हा माझं हसू पळालं. उस्ता पाच वर्षांचा असताना त्याचा बाप गावातल्या निम्म्या तरुणांसारखा जर्मनीतल्या कारखान्यात गेला, तो गेलाच. इथे कमवायला आलेले आपल्या रत्नागिरीकडचे बाप निदान सुट्टीला तरी घरी जातात. पोराला वाढवलं आजोबांनी. पुढे तो इस्तंबूलला दुकानात लागला, तिथे महागाई अशी की पावाला लाखांनी लिरा मोजायच्या. "मी उपाशी लखपती होतो," म्हणायचा. सरकारने नोटांवरची सहा शून्यं पुसली, भूक काही पुसली नाही, म्हणून इकडे आला. बाप तिकडेच वारल्याचा फोन आला तेव्हा एका गिऱ्हाइकाची दाढी चालू होती. ती त्याने पूर्ण केली. मातीला गेला नाही. "ज्याने मला कधी बोलावलं नाही, त्याच्याकडे मी कशाला जाऊ?"

मग भूकंपात गावचं घर पडलं, आणि ढिगाऱ्यात सापडलेली आजोबांची वही बहिणीने धाडून दिली. उस्ताला त्यातलं अक्षरही लागेना. आजोबांच्या तरुणपणी तुर्कांनी लिपीच बदलली होती, पण म्हातारा स्वतःपुरतं लिहायचा ते जुन्या, अरबी वळणाच्या अक्षरांत. मी उर्दू शाळेतला. मला अक्षरं येतात, भाषा नाही; त्याची गत नेमकी उलटी. तेव्हा एका जुम्म्याला नमाजनंतर शटर ओढून आम्ही बसलो. मी अडखळत मोठ्याने वाचायचो, तो ऐकून अर्थ सांगायचा. पेरणी, गाय, बर्फ. मग त्याच्या बापाचं नाव आलं, आणि पुढे 'मक्तूब', 'जवाब'. हे दोन शब्द मलाही कळतात. "जवाब याझमादम," मी वाचलं आणि खूश होऊन म्हणालो, "बघ उस्ता, बापाचं पत्र आलं होतं, आजोबांनी जवाबही लिहिला!"

उस्ताचा चेहरा उतरला. "याझ-मा-दम. तो मधला 'मा' आहे ना भाई, तोच 'नाही'. बापाने लिहिलं, पोराला माझ्याकडे पाठव. आणि आजोबा लिहितात, मी जवाब लिहिला नाही."

पुढच्या वर्षाच्या पानांत तेच. त्याच्या पुढच्याही. म्हाताऱ्याला एकटं राहायचं नसावं. मला वाटलं, आग लागो माझ्या वाचनाला.

"आयुष्यभर मी भलत्याच माणसावर रागावलो," उस्ता म्हणाला. "आणि ज्याच्यावर रागवायचं, त्याने मला भरवलंय." मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "परत वाच ती ओळ."

मी वाचली. या वेळी तो 'मा' खाल्ला. "जवाब याझदम."

उस्ताने डोळे मिटून ऐकलं, आणि माझी चूक काढली नाही.