हिरवं तोंड

नागपुरात महालातून लकडगंजाकडे जातानी एक मोठं काचाचं दुकान लागते. आपल्याकडचे सारे त्याले मॉलच म्हनतात. दुकान उघडलं तवापासून प्रेमलता तिथं काउंटरवर होती.

तिचं माहेर उमरेडकडचं. बाप हातमागावर लुगडे विने. पोरीले दहावी केलं अन महालात देवरावले देऊन टाकलं. देवराव लकडगंजात लाकडाच्या टालीवर ओंडके वाहे. मानूस रेड्यासारखा धट्टाकट्टा. एक दिवस वरून ओंडका घसरला अन कमरेतून गेला तो गेलाच. तवापासून खाटेवर. टीव्ही चालू असला तं टीव्ही पाहे, लाइन गेली तं भिंत पाहे. घरात चूल पेटे ते प्रेमलताच्या काउंटरच्या भरवशावर.

पन पोटापुरतंच काम होतं असं नाही बाप्पा. तिचा जीव लागला होता तिथं. घरात दिवसभर बोलाले कोनी नाही, देवराव तं मुका झाल्यासारखा. मंग ते सारं बोलनं दुकानात निघे. सामान बिलाच्या लाल उजेडावरून फिरवता फिरवता तिचं तोंड चालूच.

"काय हो सुभद्राकाकू, पुन्हा फल्लीदाने? मागच्या हप्त्यातच तं नेले."

"जावई आले होते ना वं. फस्त केले."

"जावई होय का खार?"

सारी लाइन हसे. मांगचा एखादा घाईवाला करवादे, "गप्पा हानाले बसवलं का हो बाईले?" पन तोही उद्या तिच्याच लाइनीत उभा. बाजूच्या काउंटरवर रीना. तिचे हात पान्यासारखे चालत, पन तोंडातून शब्द नाही निघे. तिची लाइन रिकामी अन प्रेमलताची दारापर्यंत. सुशील साहेब, म्हनजे तिथचा मॅनेजर, प्रेमलताले रोज म्हने, "मॅडम, तोंड कमी, हात जास्त."

अन दिवाळीनंतर त्या मशीनी आल्या. अर्धे काउंटर उपटले अन तिथं ओळीनं उभ्या केल्या. आपलं सामान आपनच उचला, आपनच लाल उजेडाले दाखवा, आपनच मोबाइलनं पैसे द्या अन चाला घरी. आतून एक बाई गोड आवाजात बोले, "कृपया सामान थैली में रखिए."

सुभद्राकाकूनं पहिल्या दिवशी मशीनीच्या मांगं जाऊन पाह्यलं. "कोन होय वं हे? दिवसभर आतमंदीच बसते का बिचारी?"

आठवडाभर दुकानात दुसरा विषय नव्हता. पेन्शनवाले भैय्याजी तं भडकलेच. "सामान आम्हीच काढाचं, बिल आम्हीच कराचं. उद्या झाडूही हातात देसान काय गा? अन मशीनसंग भांडताही येत नाही, निरा ठोकळा!" एक बाई हळूच म्हने, "मले तं बरं वाटते माय. आपन काय घेतलं, काय नाही, कोनी पाहत नाही. बायाइच्या काही वस्तू राह्यतात, मांग मानूस उभा असला का मेल्यासारखं होते." कॉलेजच्या पोट्ट्या कानात ते गान्याचे बोंडूक घालून येत अन कोनाशी न बोलता जात. त्याइले मशीनच बरी. अन कोनी म्हने, मशीन सुट्ट्याच्या जागी चॉकलेट तं नाही देत. ज्याचं त्याचं मत. पन बहुतेक जन अजून काउंटरवरच येत, अन त्यातही प्रेमलताच्या.

मंग सुशील साहेबानं तिले बोलावलं. "मॅडम, तुम्ही बोलता ना खूप? आता बोला. मशीनजवळ उभं राहा आणि लोकांना शिकवा. तुमचं ऐकतात लोक."

प्रेमलताले लय आनंद झाला. इतक्या दिवसानं साहेबाले तिच्या तोंडाची किंमत समजली. घरी जाऊन तिनं देवरावले सांगतलं, तोही गालातल्या गालात हसला. अपघातानंतर ते हसनं तिनं क्वचितच पाह्यलं होतं.

रीना मात्र डबा खाता खाता म्हने, "आपल्याच हातानं आपली तिरडी बांधून राह्यली तू."

"चूप वं. तुह्या तोंडून कधी चांगलं निघते का?"

तं प्रेमलता मशीनीपाशी उभी राह्यली. अन शिकवलं बाप्पा तिनं! जीव लावून शिकवलं. सुभद्राकाकूले सांभार घ्याचा होता. त्याच्यावर त्या बारीक रेघा नसतात, पडद्यावर नाव पाहून बोट ठेवा लागते. काकू शोधून शोधून थकली.

"सांभारच नाही वं याच्यात."

"काकू, मशीन पुन्याकडची हाय. तिले सांभार नाही समजत. कोथिंबीर म्हना."

"माह्या पैशानं घेतो अन हिच्या भाषेत मागू काय?"

सारे हसले. मशीनीपाशी लाइन लागाले लागली. लोक मशीनीकडे येत नव्हते, प्रेमलताकडे येत होते. पन पाहनाऱ्याले दिसे ते मशीनीचीच लाइन.

आता खरी गोष्ट इथं हाय. पैसे भरले का पडद्यावर तीन तोंडं येत. एक हिरवं हसनारं, एक पिवळं गुमसुम, एक लाल रडकं. वर इंग्रजीत एक ओळ. सुशील साहेबानं सांगतलं होतं, "लोकांना हिरवं दाबायला सांगा मॅडम. वरचे लोक सगळं बघतात. हिरवे जास्त आले की आपल्या सगळ्यांचंच चांगलं."

प्रेमलताले वाटलं, शिकवनाऱ्याले मार्क देतात. मशीनीले कोन मार्क देईन? पंख्याले कोनी पास-नापास करते का? उभी ते, बोलते ते, तं मार्कही तिचेच. ते इंग्रजी ओळ तिनं वाचाचा प्रयत्न केला होता एकदा, पन तीन शब्दाच्या पुढं गेली नाही, अन विचाराचं कोनाले? शिकवनारीच विचारन तं लोक हासतीन.

म्हनून ते सुभद्राकाकूले म्हने, "काकू, जातानी ते हिरवं तोंड दाबजा. माह्यासाठी."

"म्हनजे तुले मार्क भेटतात का?"

"असंच दिसते."

"नोकरी पक्की होईन का तुही?"

"झाली तं बरंच काकू. तुमाले तं घरचं ठाऊक हाय."

काकू काय साधी बाई होय? मंगळवारच्या भजनात तिनं साऱ्याइले सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशीपासून महालातल्या बाया मॉलात. कोनी मिठाची पुडी घेते, कोनी माचिस. घरात मीठ भरलेलं, तरी घेते. पैसे भराचे, हिरवं तोंड दाबाचं अन प्रेमलताकडे पाहून मान हालवाची, का बाई, केलं तुहं काम. भैय्याजी, जो मशीनीले रोज शिव्या देई, तोही आला. "या ठोकळ्याच्या तोंडात माती," म्हने, "पन हे तुह्यासाठी हाय बरं पोरी." अन दाबलं हिरवं. एकदा दाबून मन नाही भरलं, म्हनून बिस्किटाचा पुडा घेऊन आला अन पुन्हा दाबलं.

प्रेमलता घरी येऊन सांगे, "अहो, लोकाइचा किती जीव हाय माह्यावर." देवराव आईके. त्यानं तं कमरेवर डॉक्टरची नवीन पट्टी घ्याचंही मनात आनलं होतं, नोकरी पक्की झाली का.

संक्रांत झाली अन साहेबानं साऱ्याइले मांगच्या खोलीत बोलावलं. लॅपटॉप उघडून बसला होता. म्हने, "अभिनंदन! कंपनीच्या कुठल्याच दुकानात इतके हिरवे आले नाहीत. नागपूरच्या लोकांना मशीन एवढी आवडेल, असं वरच्यांना वाटलंच नव्हतं. लाल फक्त एक."

पोट्ट्याइनं टाळ्या वाजवल्या. प्रेमलतानंही वाजवल्या. मंग साहेबाचा आवाज उतरला. महिना सरला का काउंटर बंद. रीनाले गोदामात पुड्या भराले पाठवनार. मशीनीपाशी दारावरचा गार्डच उभा राहीन, त्याच पगारात.

"अन मी, साहेब?"

साहेब लॅपटॉपकडे पाहत म्हने, "लोक आता शिकले ना मॅडम. तुम्हीच शिकवलं."

"साहेब, ते हिरवे मले दिले होते."

"म्हणजे?"

"लोकाइनं. माह्यासाठी दाबले. मी सांगतलं होतं त्याइले. भजनाच्या बायाइले विचारा, भैय्याजीले विचारा."

साहेबानं लॅपटॉपवर तो तीन तोंडाचा पडदा उघडला. मंग त्यानं ते वरची इंग्रजी ओळ वाचून मराठीत सांगतली. "'आज मशीनवर बिल करणं तुम्हाला कसं वाटलं?' एवढंच लिहिलंय मॅडम. तुमचं नाव कुठंच नाही."

"मंग आता सांगा ना वरच्याइले, का चुकलं म्हनून."

"काय सांगू? लोकांनी हिरवं दाबलं, पण त्यांना मशीन नको होती, असं सांगू? कोण ऐकेल माझं?" तो काही वाईट मानूस नव्हता. त्यानं तिच्याकडे पाह्यलं नाही, इतकंच. ज्याच्या हातात काही नसते तो कोनाकडे पाहत नाही.

प्रेमलताच्या हातात टाळी तशीच राह्यली. भैय्याजीचा बिस्किटाचा पुडा तिच्या डोळ्यापुढं आला. मिठाच्या पुड्या आल्या. शत्रूनं दाबलं असतं तं एखाद दिवस इसरला असता. हे तं मायेनं दाबलं, आठवनीनं, पुन्हा पुन्हा येऊन दाबलं.

रीना तिच्या मांगंमांगं बाहेर आली. मंग म्हने, "ते एक लाल माहं होय. तू जेवाले गेली होती तवा दाबलं."

"मले सांगतलं काऊन नाही वं?"

"सांगतलं होतं. तू चूप म्हनलं."

घरी देवराव सारं आईकून म्हने, "लोकाइले खरं सांगून टाक. सारे मिळून साहेबाकडे जातीन."

"काय सांगू? तुमच्या मायेनं माही भाकर खाल्ली म्हनून सांगू? त्या सुभद्राकाकूले रात्री झोप लागन का मंग?"

देवरावनं भिंतीकडे तोंड केलं. पट्टीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मंग फिरनं सुरू झालं. लकडगंजातल्या ठोक दुकानाइत गेली, तं म्हनत, पोट्टी पाहिजे तरुन. एका जागी म्हने, उभं राहाचं काम हाय, तुमाले झेपन का? जनम उभ्यानं गेला बाईचा! एका मोठ्या दुकानात शेठनं बसवलं, पानी देल्लं, सारं विचारलं. प्रेमलताले वाटलं, झालं. तं शेठ म्हने, "आमच्याकडे बी मशीनी येऊन राह्यल्या. तुम्ही लोकाइले शिकवाले याल का? दोनेक महिने. मंग तं लोक शिकूनच जातात." ते पान्याचा गिलास ठेवून पायऱ्या उतरली.

इतके दिवस ते सुभद्राकाकूच्या गल्लीतून जात नव्हती. लांबचा चक्कर मारे, पन तिथून नाही जाये. काकू तवा गुडघ्यानं घरातच पडून होती, म्हनून भेट चुकत गेली. एक दिवस पाय लय दुखत होते, म्हनून शेठच्या दुकानातून येतानी ते जवळच्या वाटेनं निघाली. काकू ओट्यावर उन्हात गुडघ्याले तेल लावून राह्यली होती.

"प्रेमलता! इकडे ये वं. चोरासारखी कुठं पळतं?"

जा लागलं.

"बाया सांगत होत्या, तू खाली दिसत नाही. गार्डले विचारलं तं म्हने, मॅडम आता इथं नाही राहत. मी म्हटलं, अवं येड्याहो, तिले वर बसवलं असन! ऑफिसात! इतके हिरवे दाबले आपन, वाया जातीन काय? खरं होय का नाही?"

काकूचं तोंड पाहा लागत होतं. आजारी मानूस, पन फुलून गेलं होतं. आपल्या बोटानं कोनाचं तरी भलं झालं, हे बाईले जनमात बहुतेक पहिल्यांदाच वाटलं असन. प्रेमलताच्या तोंडापर्यंत खरं आलं. आलं अन तिथंच बसलं.

"हाव, काकू," ते म्हने.

"पाह्य! मी सांगत होती." काकूनं तेलकट हातानंच तिचा गाल कुरवाळला. मंग मान वळवून घरात आवाज देल्ला, "भूमिका! बाहेर ये वं."

एक पोरगी आली. काकूच्या लेकीची लेक, कालच उमरेडहून एसटीनं आली होती. बी.कॉम. झालेली, घरी बसून होती. बापानं म्हटलं होतं, नागपुरात काम नाही भेटलं तं चैतात लगीन लावून देतो.

"हिले लावून दे ना वं तुह्या मॉलात," काकू म्हने. "काउंटरवर बसव. आता तं तुह्याच हातात हाय. हे बोलत नाही जास्त, पन शिकन. तू शिकवलं तं कोनीही शिकते. शिकवशीन ना?"

प्रेमलतानं काही म्हनाचं म्हनून तोंड उघडलं. "पाहतो, काकू," इतकंच निघालं.

"पाहतो नाही, करजो. हे पोरगी बापाच्या धाकानं रात्रभर रडली वं." अन काकू पोरीले म्हने, "पाया पड मावशीच्या. आता तुहं सारं मावशीच्याच हाती."

पोरगी वाकली. तिनं मनापासून डोकं टेकवलं, वरवर नाही. प्रेमलताले पाय मांग घ्याचे होते. पाय हालले नाही.