मांडीवरची माती

श्रावणात पेणच्या गल्ल्यांतून चालताना ओल्या शाडूचा वास येतो. विहिरीच्या काठावर वाकल्यावर यावा तसा गार, जुना, किंचित झोप आणणारा. पडव्यांतून गणपतीच्या पांढुरक्या मूर्ती वाळत बसलेल्या असतात. त्यांना अजून रंग नसतो, डोळे नसतात. आपल्या रस्त्यावरची धांदल पाहावी लागू नये म्हणून डोळ्यांचे काम त्यांनी मुद्दाम लांबवले असावे, अशी मला शंका आहे.

त्या दिवसांत रामवाडीतल्या माझ्या ओट्यावरून एक विलोभनीय दृश्य दिसते. पेंढ्याच्या गादीवर मूर्ती बसवून टेम्पो निघतो, तेव्हा त्याचा चालक अंतर्बाह्य बदललेला असतो. एरवी हॉर्नवर बोट ठेवूनच जन्मलेला हा गृहस्थ खड्ड्यापाशी थबकतो, झोपलेले मूल पाळण्यात ठेवावे तशी गाडी गतिरोधकावरून उतरवतो आणि मागच्याला घाई असेल, तर हात बाहेर काढून त्याला पुढे जाऊ देतो. काय ते सौजन्य! काय ती दूरदृष्टी! संध्याकाळी तोच टेम्पो रिकामा परततो, तेव्हा मात्र धुरळ्याखेरीज काही दिसत नाही. रिकामा म्हणजे काय, तर मागे फक्त माणसे असतात.

रस्त्यावरच्या सुरक्षिततेची आठवण आमच्या गावालाही वर्षातून एकदा होते. एका वर्षी सुरक्षा सप्ताहाचा फलक इतका भव्य होता, की पुढच्या वळणाची सूचना देणारी पाटी त्याच्यामागे पूर्ण झाकली गेली. प्रमुख पाहुणे उशिरा आले. वेळ भरून काढण्यासाठी त्यांची गाडी उलट्या बाजूने आली होती. भाषण उत्तम झाले. टाळ्या मीही वाजवल्या.

माझी थोरली बहीण आक्का मात्र असल्या टाळ्या वाजवत नाही. ती रोह्याला राहते. भावोजी खांब गावाजवळ महामार्गावरच्या अपघातात गेले. समोरून येणाऱ्या कुणाला तरी पुढच्या गाडीच्या पुढे जायचे होते, एवढेच आम्हाला कळले. भावोजी दर वर्षी पेणहून कच्ची मूर्ती नेऊन घरी रंगवीत. त्यांच्यामागे रंगाचे काम लेकीने, स्वातीने उचलले. वाहनांवरचा आक्काचा विश्वास मात्र कुणालाच उचलता आला नाही.

आणि स्वातीला नोकरी लागली ती पेणजवळच्या एका कंपनीत! शिफ्टच्या वेळेला एसटी नाही. तिने ड्रायव्हिंग स्कूल गाठले, मैदानात गाडी थोडी पुढे, थोडी मागे नेऊन दाखवली आणि परवाना मिळवला. एक जुनी गाडीही घेतली. पण किल्ली आक्काने कमरेला खोचली आणि बाहेर काढली ती एकाच अटीवर.

"पेणवरनं कच्चा गनपती घरी आन. कान मोडला नाय, बोट मोडलं नाय, तर चावी तुझी. मोडला तर नोकरी ऱ्हायली."

अशी परीक्षा कुठल्या कार्यालयाला सुचली असती?

पेणहून निघालो तेव्हा मागच्या सीटवर आक्का, तिच्या मांडीवर घडी घातलेली गोधडी आणि गोधडीवर मूर्ती. मी पुढे. तो रस्ता मी आयुष्यभर पाहिला होता, पण इतका हळू कधीच नव्हता पाहिला. वडखळच्या पुढे भाताची हिरवी शेते अर्ध्या झोपेतल्यासारखी मागे सरकत होती. पाण्यात उभे असलेले बगळे आम्ही जवळ आलो तरी उडत नव्हते. वेग कमी झाला की जग किती सविस्तर होते! झाडाला झाडाचे नाव परत मिळते, वाटेवरच्या माणसाला चेहरा येतो. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला. स्वातीने त्याला वाट दिली.

दर वळणावर आक्काचा पाय तळाशी करकचून दाबला जाई.

"मामा, आईला सांगा, तिकडं ब्रेक नाय."

"हाय. तुला दिसत नाय, येवढंच."

भिसे खिंड उतरताना तिघांपैकी कुणी बोलले नाही. मला वाटते, चौथाही श्वास रोखून होता.

रोह्याला घरात आक्काने मूर्तीचे कान चाचपले, सोंड चाचपली, मोदकावरची नाजूक बोटे एकेक करून पाहिली. सगळे शाबूत होते. तिने किल्ली लेकीच्या हातात ठेवली. स्वाती अशी हसली, की मला भावोजींची आठवण झाली.

मग त्या दोघी मला स्टेशनवर सोडायला निघाल्या. रिकामी गोधडी आक्काच्या मांडीवर तशीच होती. पोरगी आनंदात होती, रस्ता मोकळा होता, परीक्षा संपली होती; गाडी अशी सुटली, की कुंडलिका नदी खिडकीतून नुसती एक चकाकी होऊन गेली. गतिरोधक आला तो आम्हाला दिसला नाही, कळला. माझे डोके टपावर आपटले. मागे आक्काने सीटची कड घट्ट धरली होती. मग तिचा आवाज आला; रागाचा नव्हे, थकलेला.

"अगो स्वाती, मी पन मातीचीच हाय."

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. मग स्वातीने ती पुन्हा सुरू केली, आणि स्टेशन कधी आले ते मला समजलेच नाही, इतक्या अलगद ती थांबली.

"चावी परत देऊ?" तिने आरशात पाहत विचारले.

"ठेव तुझ्यापाशी," आक्का उतरत म्हणाली. "ही गोधडी तेवढी मागं ऱ्हाऊ दे."

आता सकाळी स्वातीची गाडी माझ्या ओट्यासमोरून जाते. हात करायला ती थांबत नाही, पण हळू नक्की होते. मागच्या सीटवर कुणी नसते. असते ती घडी घातलेली गोधडी आणि तिच्यावर मूर्तीच्या बैठकीचा पांढुरका ठसा, अजून न धुतलेला. गाडी गेल्यावर वाऱ्यावर शाडूचा वास येतो. तो पडव्यांतून येत असणार, हे मला ठाऊक आहे. पण श्रावण संपला तरी तो येत राहतो.