मामांच्या खिशातला साबण

समोरच्याला धक्का देण्याचं काम आमच्या मामांइतकं मन लावून करणारा माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, राहणार परंडा. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि चेहरा इतका सोज्वळ की वाटावं, हे आता देवाधर्माचं काहीतरी बोलतील. तेवढ्यात ते बंडीच्या खिशातून कपड्याच्या साबणाचा तुकडा काढतात. कुणाच्याही घरी गेले की आधी तांब्याभर पाणी मागायचं, आणि यजमानाला वाटतंय पाहुण्यांना तहान लागली, तोवर अंगणात बसून त्या पाण्यात साबण घोळायचा. फेस आला तर पाणी हलकं, घर चांगलं. फेसाऐवजी नासलेल्या दुधासारखा चोथा तरंगला तर पाणी जड. मग मामा त्या घरचा चहासुद्धा संशयानं पितात. एकदा दहाव्याला गेले असतानाही त्यांनी हे केलं. मी लाजेनं मेलो. मयताच्या थोरल्या मुलानं मात्र डोळे पुसत पुसत त्यांना मागची विहीरही दाखवली.

मला त्यांचा पहिला धक्का बसला तो माझ्याच लग्नात. जेवणं उरकल्यावर हात धुता धुता त्यांनी अंगठा आणि बोटाचं कडं केलं, त्यात साबणाच्या पाण्याचा पापुद्रा धरला आणि फुंकर मारून नारळाएवढा फुगा काढला. माझ्या वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, ह्यात बोट घाला." वडील उभ्या आयुष्यात कुणाच्या गमतीत सामील न झालेले. त्यांनी भीत भीत बोट लावलं, फुगा फुटला आणि शिंतोडे त्यांच्या नव्या कोटावर. "कोरडं बोट त्याला चालत न्हाय," मामा म्हणाले, "ओलं करून घाला." ओलं बोट आरपार गेलं, फुगा तसाच. पुढचा अर्धा तास दोघं मोरीपाशी फुगे काढत होते आणि आम्ही नवरा-नवरी पाया पडायला ताटकळत उभे. वडिलांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

साबणानं तेलकट डाग जातो कसा, असं मी एकदा सहज विचारलं. चूक झाली. पण उत्तर अजून लक्षात आहे. "साबण म्हंजी लेक हाय, जावईबापू. एक हात सासरच्या हातात, एक म्हायेरच्या. तेल आन् पाणी एकमेकाचं तोंड बघत न्हायती, ही दोघांला धरून नेती. पर बोरच्या पाण्यात चुना लई. त्यो तिलाच धरून बसतो. मग ती कामाला जाणार कवा?"

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका गावात जमत आलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. आम्ही घर बघायला निघालो, तेव्हा बायकोनं मामांचे दोन्ही खिसे स्वतः तपासले आणि साबण काढून घेतला. मी निर्धास्त झालो. तिथं पोहोचल्यावर मामांनी पाणी मागितलं, आणि त्या लोकांकडेच साबणही मागितला. घरच्यांनी कौतुकानं नवी वडी फोडून दिली. मामा घासत राहिले. बोरचं पाणी, वडी झिजली, फेसाचा पत्ता नाही. मामा उठले, हात पुसले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "ह्या घरात पोरगी द्यायची न्हाय."

माझ्या हातातली बशी कलंडली. मुलाचे वडील लालबुंद होऊन उभे राहिले. "आमी पोरगं बघाया बोलावलं व्हतं," ते म्हणाले, "पाणी न्हाय." तिकडे लेक घरी फोन हातात धरून बसली होती. मामांचं तोंड दाबावं की यजमानांचे पाय धरावेत, मला काही सुचेना.

तेवढ्यात मुलाची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दारातच उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "ते खरं बोलत्यात. डाळ शिजंना, कपडा निघंना, बोलणी मला. मला देताना आमच्याकडच्या कुणी इचारलं न्हाय." मुलगा हळूच म्हणाला, पत्र्यावरून पडणारं पावसाचं हलकं पाणी साठवायला टाकी बांधता येईल. मामांनी मान वर करून पत्रा न्याहाळला. "बांधा," ते म्हणाले. "टाकी झाली की तारीख धरू."

परतताना जीपमध्ये माझा राग उफाळून आला. "मामा, माझ्या लेकीचं लग्न मोडत होतं," मी म्हणालो. ते बाहेर बघतच म्हणाले, "तुमच्या सासूबाईचं स्थळ म्याच बघितलं व्हतं. धाकटी भैण माजी. अठरा एकर रान पायानं फिरून बघितलं. पाणी न्हाय बघितलं. धुण्यात सोडा घालून घालून हाताला भेगा पडल्या तिच्या, रगत यायचं. मला कदी बोलली न्हाय."

सासूबाईंना जाऊन आता सहा वर्षं झाली. मी जेवायला बसलो की त्या माझ्या ताटात भाकरी टाकायच्या आणि लगेच दोन्ही हात पदराखाली न्यायच्या. इतकी वर्षं मला वाटत होतं, जावयासमोर लाजतात.